सहीची चौकट कोण ठेवणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्या कळमन्याजवळच्या एका शीतगृहाची वेबसाइट तुम्ही सांभाळता. मिरची, चिंच, संत्री ठेवायला येणारे व्यापारी आणि ट्रकवाले यांच्याशी करार रोजचेच. सध्या ऑफिसातला मुलगा पीडीएफ बनवतो, ई-सहीच्या कंपनीच्या साइटवर लॉगिन करतो, फाइल चढवतो, सह्यांच्या चौकटी माउसने ओढून बसवतो आणि पाठवतो. मालकांचं म्हणणं, हे सगळं आपल्याच साइटमध्ये व्हावं, दुसऱ्याचं लॉगिन दिसायला नको. एपीआयने, म्हणजे आपल्या प्रोग्रामने त्यांच्या प्रोग्रामशी थेट बोलून, जमेल का, आयफ्रेममध्ये, म्हणजे आपल्या पानातल्या खिडकीत त्यांचं पान दाखवून, बसेल का, आणि मालकांना किती दिवस सांगायचे?

जमतं. दिवसांचं शेवटी सांगतो, कारण आत्ता सांगितलं तर तुम्ही तेवढंच वाचाल.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. ‘सही आपल्या साइटवर’ म्हणताना लोक दोन वेगळी कामं एकात मिसळतात. एक म्हणजे सही करणाऱ्याचा पडदा: शेतकरी किंवा व्यापारी तुमच्या साइटवर येतो आणि तिथेच सही करतो. दुसरं म्हणजे पाठवणाऱ्याचा पडदा: तुमचा माणूस कागद चढवतो, कोण कोण सही करणार ते भरतो, चौकटी बसवतो आणि पाठवतो. तुम्हाला दुसरं हवंय. डॉक्युसाइन या ई-सहीच्या परदेशी कंपनीकडे त्याला सेंडर व्ह्यू म्हणतात. पूर्वीचं हॅलोसाइन, जे २०१९ मध्ये ड्रॉपबॉक्सने घेतलं आणि २०२२ पासून ड्रॉपबॉक्स साइन म्हणून चालतं, तिथे याचं नाव एम्बेडेड रिक्वेस्टिंग. भारतीय कंपन्यांची नावं आपापली. विक्रीवाला फोनवर ‘हो, एम्बेड होतं’ म्हणाला तर कोणतं होतं ते पहिलं विचारा. दहापैकी आठ वेळा तो सही करणाऱ्याच्या पडद्याबद्दल बोलत असतो.

सगळीकडे रीत जवळपास सारखीच आहे. तुमचा सर्व्हर टोकन, म्हणजे थोड्या वेळाचा प्रवेश परवाना, घेतो. मग पीडीएफ आणि सही करणाऱ्यांची यादी देऊन एक पाकीट तयार करतो, पण पाठवत नाही, मसुदा म्हणून ठेवतो. डॉक्युसाइनमध्ये या मसुद्याची स्थिती ‘क्रिएटेड’ असते, पाठवल्यावर ‘सेंट’ होते. पाकिटाचा क्रमांक हातात आला की सर्व्हर म्हणतो, या मसुद्याचा तयारीचा पडदा दे, आणि माणूस काम संपवून कोणत्या पानावर परत येईल तेही सांगतो. उत्तरादाखल एक लिंक मिळते, ब्राउझर तिकडे वळवायचा, की चौकटी ओढायचा पडदा समोर. माणूस ‘पाठवा’ दाबतो, आणि तुम्ही दिलेल्या पानावर परत येतो. ही लिंक काही मिनिटांचीच सोबती असते. ती डेटाबेसमध्ये ठेवू नका, ईमेलने कुणाला पाठवू नका. बटण दाबलं की त्या क्षणी नवी मागा.

एवढं करायला दोन दिवस पुरतात, सँडबॉक्समध्ये, म्हणजे सरावाच्या खात्यात, तर दुपारच्या जेवणाआधीही होतं. म्हणूनच लोक फसतात. पडदा उघडला की मालकांना वाटतं काम झालं, आणि तुम्हालाही वाटतं.

आता मी तुम्हाला विचारतो: सहीची चौकट कुठे असावी हे रोज नव्याने ठरवायची गरज आहे का? तुमच्या शीतगृहाचे करार मी पाहिलेले नाहीत, पण या धंद्यातले पाहिलेत. साठवणुकीचा करार, दराचं परिशिष्ट, ट्रान्सपोर्टवाल्याचा करार, हमालीचा ठेका. चार-पाच नमुने, त्यात नाव, पोती, दर, मुदत बदलते. सही शेवटच्या पानावर, खाली उजवीकडे. मग तयारीचा पडदा कशासाठी? माझ्याकडून ही चूक झालेली आहे. हिंगण्याच्या एका वाहतूकदारासाठी आम्ही तीन आठवडे घालवून तो पडदा बसवला, रंगसुद्धा त्यांच्या साइटचे दिले. दोन महिन्यांनी नोंदी काढल्या तर त्यांच्या पोरांनी चौकट एकदाही मुद्दाम हलवली नव्हती. चुकून मात्र बऱ्याच वेळा हलवली होती, आणि एकदा मालकाच्या सहीची चौकट ड्रायव्हरच्या नावावर गेली होती.

तर माझं मत सरळ आहे. जिथे कागद ठरलेला, तिथे चौकट साच्यात (टेम्प्लेटमध्ये) आधीच बसवा आणि तुमच्या साइटवर फक्त एक साधा फॉर्म ठेवा: नाव, मोबाइल, पोती, दर. ‘पाठवा’ दाबलं की सर्व्हर साच्यावरून पाकीट बनवून थेट पाठवतो, ओढायचा पडदा मधे येतच नाही. ओढायचा पडदा फक्त त्यांच्यासाठी, जे बाहेरून आलेले कागद हाताळतात: बँकेचा नमुना, समोरच्या कंपनीच्या वकिलाने पाठवलेला करार. तुमच्या ऑफिसात अशी दोन माणसं असतील, फार तर तीन. त्यांना तो द्या, बाकीच्यांना देऊ नका.

साच्यात चौकट बसवायच्या दोन तऱ्हा. एक, ठरलेल्या पानावर ठरलेल्या मापाने. दुसरी, कागदातच एक खूण लिहून ठेवायची आणि ई-सहीच्या प्रणालीला सांगायचं की ही खूण जिथे सापडेल तिथे सहीची चौकट ठेव. कलमं वाढली, कागद दोन पानांचा तीन पानांचा झाला, तरी चौकट सहीच्या ओळीबरोबर सरकते. दुसरी तऱ्हा चांगली. पण मराठी कागदात ती जिथे मोडते ते मी इतक्या वेळा पाहिलंय की थोडं सविस्तर लिहितो.

कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्यांकडून आणि जुन्या ऑफिसांतून येणारे मराठी कागद अजूनही श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये असतात. पडद्यावर ‘भाडेकरूची सही’ असं स्वच्छ दिसतं, पण फाइलच्या पोटात ती अक्षरं रोमन चिन्हांची खिचडी असते. फॉन्टने फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा घातलेला असतो. प्रणाली ‘सही’ शोधते, तिला काही सापडत नाही, आणि पाकीट एकतर नाकारलं जातं किंवा चौकटीविनाच जातं. युनिकोडमध्ये टाइप केलेला कागदही निर्धोक नाही. ह्रस्व वेलांटी, रफार, जोडाक्षरं पीडीएफमध्ये चित्रासारखी बसतात, आणि मजकूर परत उपसून काढला की क्रम बदलतो. ‘लिहून देणार’ शोधायला जावं तर आत वेलांटी आधी आणि ‘ल’ नंतर, किंवा जोडाक्षराच्या जागी नुसता ठोकळा. तुमच्या संगणकावर चालतं, वकिलाच्या संगणकावरून आलेल्या फाइलवर नाही, कारण त्याने वेगळ्या प्रोग्रामने पीडीएफ काढली.

उपाय गावठी आहे पण पक्का. खूण मराठीत ठेवूच नका. सहीच्या ओळीवर रोमन अक्षरं आणि आकडा मिळून एक विचित्र खूण, जी करारात दुसरीकडे कुठेही येणार नाही, पांढऱ्या रंगात, लहान आकारात टाका. वाचणाऱ्याला दिसत नाही, प्रणालीला सापडते. प्रत्येक सही करणाऱ्याची खूण वेगळी. आणि ‘खूण सापडली नाही तर पाकीट अडव’ ही सोय असेल ती चालू ठेवा. चौकटीविना गेलेला करार तुम्हाला तिसऱ्या दिवशी कळतो, गिऱ्हाईकाचा फोन आल्यावर.

काहींना पडदा दुसऱ्याचा नकोच असतो, स्वतःचाच लिहायचा असतो. पीडीएफ ब्राउझरमध्ये दाखवायची, माणसाने चौकट ओढायची, आणि ती जागा एपीआयला आकड्यांत कळवायची. दाखवायला मोझिलाचं पीडीएफ-जेएस आहे, फुकट आहे, चांगलं आहे. घोटाळा मापात होतो. पीडीएफचं माप पॉइंटमध्ये, एका इंचाला ७२. ए-फोर कागद ५९५ गुणिले ८४२ पॉइंट. पीडीएफ स्वतः डाव्या खालच्या कोपऱ्यापासून मोजते. ब्राउझर डाव्या वरच्या कोपऱ्यापासून, तेही पिक्सेलमध्ये. आणि ई-सहीच्या एपीआयपैकी काही वरून मोजतात, काही खालून.

उदाहरण घेऊ. ए-फोर पान तुम्ही ८०० पिक्सेल रुंदीत दाखवलं. माणसाने चौकट डावीकडून ४००, वरून ९०० पिक्सेलवर सोडली, चौकटीची उंची ४०. प्रमाण ५९५ भागिले ८००, म्हणजे ०.७४३७५. डावीकडून ४०० गुणिले तेच, २९७.५ पॉइंट. एपीआय खालून मोजत असेल तर चौकटीची खालची कड घ्यावी लागते: ९०० अधिक ४०, म्हणजे ९४०, त्याचे ६९९.१ पॉइंट, ८४२ मधून वजा केले की १४२.९. ते ४० मिळवायला विसरलात तर चौकट आपल्याच उंचीएवढी वर चढते आणि कराराची शेवटची ओळ झाकते. ही चूक सगळे एकदा करतात.

आपल्याकडे त्यात भर अशी की निम्मे कागद ए-फोर नसतात. लीगल आकाराचं पान ६१२ गुणिले १००८ पॉइंट. एकाच करारात पहिलं पान लीगल, बाकीची ए-फोर, शेवटी मोबाइलने काढलेला सातबाराचा फोटो पीडीएफ करून जोडलेला. त्या फोटोच्या पानावर बहुधा ‘९० अंश फिरवून दाखवा’ अशी छुपी सूचना असते. दिसतं उभं, असतं आडवं. म्हणून प्रत्येक पानाचं माप आणि फिरवण्याची सूचना त्या त्या पानावरून वाचा, पहिल्या पानावरून सगळ्यांचं ठरवू नका.

आणि मुद्रांक. परदेशी कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत हे नसतं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात ‘दस्तऐवज’ म्हणताना इलेक्ट्रॉनिक अभिलेखही धरलेला आहे, त्यामुळे कागद छापलाच नाही म्हणून मुद्रांक सुटत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने बऱ्याच करारांचं १०० रुपयांचं शुल्क ५०० केलं, हे तुमच्या साच्यात आणि बिलात दोन्हीकडे असू द्या. मुद्रांकाचं पान बहुतेक जण कराराच्या आधी जोडतात. माणसाने पडद्यावर चौकट पान ३ वर ठेवली, मग सर्व्हरने पुढे मुद्रांकाचं पान लावलं, आणि सहीची चौकट होती तिथेच, पान ३ वर राहिली. करारातलं पान ३ मात्र आता पान ४ झालेलं. सही दराच्या तक्त्यावर. आमच्याकडे हे घडलं तेव्हा एका दिवसात अकरा करार परत मागवावे लागले. तेव्हापासून नियम: मुद्रांक, परिशिष्टं, फोटो, जे काही जोडायचं ते आधी जोडायचं, पीडीएफ पूर्ण करायची, आणि मगच तयारीचा पडदा उघडायचा. पडदा उघडल्यावर फाइलला कुणीही हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा.

आता मसुद्याकडे. माणूस चौकटी ओढत असताना काय काय होतं? चहा येतो. लाइट जाते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता कूलर, शीतगृहाचे कॉम्प्रेसर आणि सर्व्हर एकाच वेळी वीज मागतात. माणूस टॅब बंद करतो. तो परत येतो तेव्हा तुमच्या साइटला काय दिसतं? परतीच्या पानाला पडदा एक इशारा देतो: पाठवलं, जतन केलं, रद्द केलं, किंवा वेळ संपली. टॅबच बंद झाली तर इशाराही नाही. म्हणून परतीच्या पानावर आलेल्या इशाऱ्याला कुणकुण समजा. त्यावरून ‘करार पाठवला’ असं डेटाबेसमध्ये लिहू नका. ब्राउझरच्या पट्टीत तो शब्द हाताने टाइप करून कुणीही ते पान उघडू शकतं.

खरी बातमी दोनच ठिकाणांहून घ्या: सर्व्हरने एपीआयला स्वतः विचारून, किंवा वेबहुकने. वेबहुक म्हणजे पाकिटाची स्थिती बदलली की तिकडून तुमच्या सर्व्हरला येणारा निरोप. तो खरोखर तिकडूनच आला का हे तपासायला गुप्त किल्लीने केलेली एचमॅकची मोहोर असते. ती आलेल्या कच्च्या मजकुरावरच तपासायची. मजकूर आधी उलगडून, परत जुळवून तपासलात तर एखादी मोकळी जागा बदलते आणि मोहोर जुळत नाही. निरोप मिळाल्याबरोबर ‘मिळाला’ म्हणा, फाइल उतरवायचं काम मागून करा. तोच निरोप दोनदा येईल, उलट्या क्रमाने येईल, ‘सही झाली’ आधी आणि ‘पाठवलं’ नंतर. हे गृहीत धरूनच लिहा. आणि दर मिनिटाला ‘झालं का, झालं का’ विचारत बसू नका. डॉक्युसाइनचा नियम एका पाकिटाबद्दल १५ मिनिटांत एकदाच विचारायचा आहे. तो मोडणाऱ्या कोडला थेट वापराची परवानगी मिळत नाही.

मसुद्याला मालक लागतो, हे लोक विसरतात. तयारीचा पडदा ज्या खात्याच्या नावाने उघडतो, त्या खात्याचे अधिकार त्याच्याबरोबर येतात. सगळ्यांसाठी एकच ‘ऑफिस’ नावाचं खातं वापरलंत तर गेटवरच्या पोराला मालकांचे बँकेचे करारही दिसू शकतात, आणि उद्या ‘हे कुणी पाठवलं’ विचारलं तर उत्तर ‘ऑफिसने’. तीन माणसं असतील तर तीन खाती घ्या, पैसे लागले तरी. जेडब्ल्यूटीच्या रीतीने, म्हणजे गुप्त किल्लीने सही केलेली विनंती पाठवून, सर्व्हर त्या त्या माणसाच्या वतीने टोकन घेतो, एकदा त्याची संमती घ्यावी लागते, टोकन तासभर टिकतं. गुप्त किल्ली सर्व्हरवरच राहिली पाहिजे. ब्राउझरच्या कोडमध्ये ती सापडलेली मी पाहिली आहे, आणि ती ठेवणारा मुलगा हुशार होता.

पडून राहिलेल्या मसुद्यांसाठी तुमच्या साइटवर ‘अर्धवट’ अशी यादी ठेवा, तिथून त्याच मसुद्याचा पडदा पुन्हा उघडता यावा. नसता माणूस दुसरा बनवतो. ‘पाठवा’ दोनदा दाबलं तरी एकच पाकीट निघावं म्हणून प्रत्येक कराराला तुमचा स्वतःचा क्रमांक द्या आणि सर्व्हरवर अडवा. बटण करडं करून भागत नाही.

डॉक्युसाइनची एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकतो. सही करणाऱ्याला तुमच्याच साइटवर सही करू द्यायची असेल तर पाकीट बनवताना त्याच्या नावापुढे क्लायंट युजर आयडी द्यावा लागतो. तो दिला की त्याला सहीचा ईमेल जात नाही, तुम्हीच त्याला पडद्यापर्यंत आणायचं. आता तयारीच्या पडद्यात तुमच्या माणसाने सही करणारा काढून दुसरा घातला तर नव्याला तो आयडी नसतो. त्याला ईमेल जातो, आणि तुमची साइट जुन्याची वाट पाहत बसते. म्हणून पडद्यातून परत आल्यावर यादी एपीआयकडून पुन्हा वाचायची. सही करणाऱ्याच्या पडद्याची लिंक तिथे ५ मिनिटांत वापरावी लागते, हेही ध्यानात ठेवा.

आयफ्रेम? टाळा. ॲपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून परक्या साइटच्या कुकी, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी, पूर्ण अडवल्या, त्यामुळे आयफ्रेममधलं लॉगिन आयफोनवर मधेच विसरलं जातं. शिवाय कोणतं पान कुणाच्या चौकटीत उघडू द्यायचं हे त्या पानाचा मालक ठरवतो. मोबाइलवर दोन पट्ट्या, दोन सरकपट्ट्या, माणूस वैतागतो. पूर्ण पान वळवा, काम झालं की परत आणा. मालकांना ‘आपल्याच साइटवर’ म्हणजे वेगळं लॉगिन नको, एवढंच बहुधा हवं असतं. वर तुमचं बोधचिन्ह लावता येतं, तेवढ्यावर ते खूश होतात.

सही कोणत्या जातीची, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण चौकट ठेवण्याआधी तो सुटला पाहिजे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मध्ये २००८ ची दुरुस्ती झाली, ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. तिच्यातून आलेलं कलम ३अ म्हणतं की इलेक्ट्रॉनिक सही म्हणून मान्य होण्यासाठी पद्धत दुसऱ्या अनुसूचीत असली पाहिजे. आधारवरची ई-साइन तिथे २०१५ पासून आहे. बोटाने गिरवलेली किंवा नाव टाइप केलेली सही त्यात बसत नाही. तरी तिच्यावर झालेला करार आपोआप रद्द ठरत नाही, कारण कलम १०अ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेल्या कराराला केवळ त्या कारणाने अमान्य करू देत नाही. फक्त भांडण झालं तर सिद्ध करायचा भार तुमच्यावर जास्त. रोजच्या साठवणुकीला गिरवलेली चालेल. लाखांचे करार आधार ई-साइनवर घ्या.

आधार ई-साइनमध्ये पडदा तुमचा राहत नाही, हे मालकांना आधीच सांगा. तुमच्याकडून जातो तो फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला बोटाच्या ठशासारखा आकडा, फाइल नव्हे. माणूस ई-साइन देणाऱ्या परवानाधारक संस्थेच्या पानावर जातो, पुण्याची सी-डॅक त्यातली एक, आणि आधार क्रमांक व ओटीपी तिथेच भरतो. तो ओटीपी तुमच्या साइटवरच्या डब्यात घ्यायचा विचारही करू नका. मग त्या माणसाच्या नावाचं प्रमाणपत्र तयार होतं, त्याने सही होते, किल्ली नष्ट होते. प्रमाणपत्राची मुदत अवघी ३० मिनिटं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी एखादं गिऱ्हाईक पीडीएफ उघडून ‘तुमचं सर्टिफिकेट एक्स्पायर झालंय’ म्हणून फोन करतं. सहीच्या क्षणी ते वैध होतं, एवढंच पाहायचं असतं. संगणकात भारतीय मूळ प्रमाणपत्राची नोंद नसेल तर पिवळं प्रश्नचिन्हही येतं. दोन्हींचं उत्तर लिहून ऑफिसात चिकटवून ठेवा, फोन वाचतील.

ओढायच्या पडद्यात काही कागद अजिबात येऊ देऊ नका. मृत्युपत्र आणि न्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीमुळे ई-सहीच्या बाहेर आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने मागणीवर देय वचनचिठ्ठ्या आत आल्या, पण रिझर्व्ह बँक, सेबी यांसारख्यांच्या नियमनाखालच्या संस्थांच्या नावे असतील तरच. शीतगृहाचे मालक मालावर उचल देतात आणि वचनचिठ्ठी लिहून घेतात, ती या सवलतीत बसत नाही, ती कागदावरच. तारण ठेवून बँकेकडून कर्ज घ्यायची गोदाम पावती हवी असेल तर तीही या पाकिटातून काढायची नाही, ती नोंदणीकृत गोदाम आणि रिपॉझिटरी (अशा पावत्यांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणारी संस्था) यांच्यामार्फतच निघते. तुमच्या फॉर्ममध्ये ‘कागदाचा प्रकार’ अशी यादी ठेवा आणि हे प्रकार त्यात घालूच नका. ‘इतर’ तर नकोच. ‘इतर’ मध्ये लोक मृत्युपत्रसुद्धा चढवतात, राजेहो.

सही होऊन आलेली पीडीएफ जशी आली तशी ठेवा. आम्ही एकदा शहाणपणा करून प्रत्येक पूर्ण करारावर कोपऱ्यात आवक क्रमांक छापत होतो. सही फाइलच्या बाइटांवर असते. एक बाइट बदलली की पीडीएफ वाचणारा प्रोग्राम तक्रार करतो. जागा वाचवायला फाइल दाबून लहान केली तरी तेच. आवक क्रमांक डेटाबेसमध्ये लिहा. त्याबरोबर ई-सही कंपनी देते तो घटनाक्रमाचा दाखला उतरवून ठेवा: कोण, कधी, कोणत्या मोबाइलवर. जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबरचं प्रमाणपत्र आवश्यक ठरवलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतं आणि त्याच्या नमुन्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो. फाइल आली त्याच दिवशी हॅश काढून नोंदवला असेल तर पाच वर्षांनी वकिलासमोर घाम फुटत नाही. तारखाही तपासा. एपीआय जागतिक वेळ देतं, आपली वेळ साडेपाच तास पुढे. १ एप्रिलला पहाटे चारला ट्रकवाल्याने केलेली सही तिकडे ३१ मार्च दिसते, आणि तुमचा मुनीम ती गेल्या वर्षात टाकतो.

दिवसांचं. पडदा उघडून दाखवायला दोन दिवस. साचे आणि खुणा, चार नमुन्यांना आठवडा, कारण वकील प्रत्येक वेळी एक कलम बदलतो. वेबहुक, अर्धवट मसुदे, खाती आणि अधिकार, दहा-बारा दिवस. मुद्रांक जोडणं आणि आधार ई-साइनची परवानगी तुमच्या हातात नाही, त्याला वेगळे पंधरा दिवस धरा. मालकांना दीड महिना सांगा आणि मिरचीच्या हंगामात सुरू करू नका.

आणि कोड लिहायच्या आधी ऑफिसात जाऊन गेल्या महिन्याचे सगळे करार टेबलावर मांडा. सहीची जागा खरोखर वेगळी ठेवावी लागली असे किती, ते मोजा. दहाच्या आत निघाले तर पुढच्या वेळी पडद्याचं विचारू नका, साच्यांचं विचारा. त्यातला एखादा नमुना नावं खोडून पाठवलात तर खुणा कुठे टाकायच्या ते मी दाखवतो.